तिच्या आजीची वही

ती आमच्या लॅबमध्ये आली तेव्हा मला सिंगापूरला येऊन सहा वर्षं झाली होती, आणि मत्सर म्हणावा असं काही तोवर माझ्या वाट्याला आलं नव्हतं. मी ज्या घरातून आले तिथे त्याला सवडच नव्हती. शाळा, स्कॉलरशिप, इंजिनिअरिंग, पुन्हा स्कॉलरशिप, मग सिंगापूरच्या वन-नॉर्थ भागातली ही नोकरी. मी कायम पुढच्या पायरीकडे बघत चालले. शेजारून कोण चाललंय ते पाहिलंच नाही. औरंगाबादेत आमच्या गल्लीतले लोक उलट माझाच हेवा करत. त्यामुळे वयाच्या अडतिसाव्या वर्षी हे दुखणं मला पहिल्यांदा झालं, तेव्हा ते नेमकं काय आहे हे कळायलाच काही महिने गेले.

२०१३ साल असावं. आमचं काम जुन्या हस्तलिखितांचं. मलय भाषा पूर्वी अरबी वळणाच्या लिपीत लिहीत, तिला जावी म्हणतात. पत्रं, करार, वंशावळी, औषधांच्या याद्या असं खूप काही त्या लिपीत पडून आहे आणि ते वाचणारी माणसं कमी होत चालली आहेत. कॉम्प्युटरला ते अक्षर ओळखायला शिकवायचं, हा प्रकल्प. माझ्याकडे चित्रांचा भाग होता. पानावरचे डाग काढायचे, ओळी सुट्या करायच्या, अक्षराचं वळण मोजायचं. मला जावी वाचता येत नव्हती, अजूनही येत नाही. मला फक्त रेघा दिसतात.

ती नायजेरियातल्या कानो शहराची, हौसा समाजाची. उंच, सावकाश बोलणारी, लॅबच्या गारठवणाऱ्या एसीत कायम एक गडद निळी शाल पांघरून बसणारी. हौसा भाषाही पूर्वी अशीच अरबी लिपीत लिहिली जायची. त्या लिखाणाला अजमी म्हणतात. ते वाचता येतं म्हणूनच तिला घेतलं होतं. पहिल्याच आठवड्यात तिने मला लॅपटॉपवर एक पान दाखवलं. पिवळं पडलेलं, कोपरा वाळवीने खाल्लेला, त्यावर तपकिरी शाईतल्या दाट ओळी.

"हे माझ्या काकाचं अक्षर," ती म्हणाली.

"काका म्हणजे वडिलांचे भाऊ?"

ती गोंधळली. मग उलगडा झाला आणि आम्ही दोघी हसलो. हौसात काका म्हणजे आजी किंवा आजोबा. बाबा म्हणजे मात्र बाबाच. हे काकाचं अक्षर म्हणजे तिच्या आजीचं, आईच्या आईचं. तिच्या आईच्या पेटीत एक वही सापडली होती, एक्केचाळीस पानांची. इथे येण्याआधी तिने तिचे फोटो काढून आणले होते.

"शिरगणतीच्या कागदावर माझी आजी निरक्षर आहे," ती म्हणाली. "इंग्रज आले, त्यांनी रोमन अक्षरं आणली. ज्याला रोमन येत नाही तो अडाणी. ही बाई जन्मभर लिहीत होती आणि सरकारदरबारी तिच्यापुढे लिहिलंय, निरक्षर. आमच्याकडे असे हजारो आहेत."

मला तिच्याबद्दल वाईट वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण त्याच्या खालून दुसरंच काहीतरी वर आलं. माझ्या आजीपुढेही निरक्षर असंच लिहिलेलं असणार, आणि ते खरं होतं. तिच्या पेटीत वही नव्हती. पेटीच नव्हती.

दुपारी आम्ही पाच-सहा जण जवळच्या हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, जेवायला जायचो. ती हलाल स्टॉलवरून भात आणि मासा घ्यायची, वर लाल मिरचीचा ठेचा चमच्याने ओतून घ्यायची, आणि बोलायला लागली की सगळं टेबल गप्प व्हायचं. तिच्या शहराभोवती मातीची भिंत आहे, शेकडो वर्षांची, एवढी रुंद की वरून घोडा जावा. तिच्या आईच्या घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर निळीचे खड्डे आहेत. माणसं अजून त्यांत कापड बुडवतात. उंटांचे तांडे वाळवंट ओलांडून तिच्या शहरात यायचे, मीठ आणायचे, कापड न्यायचे.

"आणि शाळेत आम्ही काय शिकलो? इंग्लंडचे राजे," ती म्हणाली. "आणि गोऱ्या प्रवाशांनी आमच्या मुलखाचा शोध कसा लावला ते. माझ्या खिडकीतून ती भिंत दिसायची. मला वाटायचं, मातीचा ढिगारा आहे. लोक तिथली माती घर बांधायला खणून न्यायचे. वयाच्या तिसाव्या वर्षी मला कळलं की मी कशाच्या सावलीत वाढले."

आमचा ग्रुप लीड पुण्याचा होता. चांगला माणूस. मी रुजू झाले तेव्हा पहिल्या दिवशी त्याने माझं आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, आणि मग पुढचं काहीच विचारलं नाही. सहा वर्षांत नाही. तो मान पुढे काढून तिचं ऐकत होता.

"आणि कातडं!" ती म्हणाली. "युरोपात मोरोक्कोचं म्हणून जे लाल कातडं विकलं जायचं, भारी पुस्तकांना बांधायला, त्यातलं कितीतरी आमचं होतं. आमच्या बकऱ्यांचं. वाळवंट ओलांडून मोरोक्कोला जायचं आणि तिथलं नाव लावून पुढे जायचं. माझ्या आईच्या वडिलांचं कातडं कमावायचंच काम होतं. त्यांच्या हाताला तो वास कायमचा होता. आम्ही नातवंडं त्यांचे हात हुंगायचो."

"किती इंटरेस्टिंग!" लीड म्हणाला.

माझा घास हातातच राहिला. मेलेली जनावरं ओढून नेणं, त्यांचं कातडं सोलणं हे आमच्या समाजाच्या माथी मारलेलं काम. ते सोडणं हाच आमच्या घराचा इतिहास. आम्ही बौद्ध झालो, ते काम सोडलं, शिकलो. सोडल्यावर त्याचं नावही काढायचं नाही, असा एक नियम घरात होता. कुणी तो घातला नव्हता, पण सगळे पाळत. मी लहानपणापासून चामड्याच्या दुकानात शिरताना श्वास रोखते, हे माझ्या नवऱ्यालाही माहीत नाही. आणि ही बाई भर टेबलावर, चारचौघांत, आजोबांच्या हाताचा वास सांगत होती आणि पुण्याचा माणूस वा वा म्हणत होता. हेच मी सांगितलं असतं तर तो काय म्हणाला असता? बहुधा तेच. पण ते ऐकायची माझी तयारी नव्हती.

त्या दिवसापासून मी तिचा हेवा करायला लागले. तिच्या शालीचा, आवाजाचा, 'माझ्या शहरात' असं म्हणताना हनुवटी जराशी वर जायची त्याचा. जगाने तिचा इतिहास झाकून टाकला होता, हे मला कळत होतं. पण झाकलेलं असलं तरी काहीतरी होतं ना तिथे. उकरलं की भिंत लागत होती, वही लागत होती.

गंमत म्हणजे त्याच काळात आमची मैत्रीही वाढत होती. तिला इथे फारसं कुणी नव्हतं. बाजरीचं पीठ कुठे मिळेल असं तिने विचारलं तेव्हा मीच तिला लिटिल इंडियात घेऊन गेले. बाजरी, ज्वारी पाहून ती दुकानातच नाचायची बाकी राहिली. हे सगळं त्यांच्याकडेही पिकतं. त्या रविवारी तिने आमच्या क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमध्ये त्यांचा फुरा केला. बाजरीचे उकडलेले गोळे, आलं घातलेले, दह्यात कुस्करून, वर साखर. आपल्या आंबिलीची लांबची बहीण म्हणा.

माझी मुलगी नऊ वर्षांची. बाजरीच्या भाकरीकडे ती ढुंकूनही पाहत नसे. "ममा, so dry lah," म्हणून ताट सरकवायची. त्या दिवशी तिने फुऱ्याच्या दोन वाट्या संपवल्या आणि तिसरी मागितली. मी ओट्याशी उभी राहून पाहत होते. माझीच बाजरी, मीच आणलेली.

मग शाळेत तिला प्रोजेक्ट मिळालं. ज्या समाजाचा इतिहास फारसा कुणाला माहीत नाही, अशा एका समाजाविषयी पोस्टर करायचं. मी मनात ठरवलं, आता हिला आपलं सांगू. कुठून सुरू करावं याची मी चार दिवस जुळवाजुळव केली. पाचव्या दिवशी ती पुठ्ठा घेऊन आली. वर मोठ्या निळ्या अक्षरांत लिहिलं होतं, हौसा पीपल.

"आंटीने भिंतीचा फोटो दिला," ती म्हणाली. "आणि horse-वाले soldiers. So cool lah, ममा."

"आपल्यावर का नाही केलंस?"

तिने जरा विचार केला. "आपल्याकडे काय आहे?" तिने विचारलं. खोचकपणे नाही, खरोखरच माहीत नव्हतं म्हणून.

मी निळ्या रंगाची बाटली तिला उघडून दिली.

पुढे मी जे केलं ते सांगायला आजही जड जातं. लॅबतर्फे एका वाचनालयात जाहीर व्याख्यान व्हायचं होतं आणि लीडने तिला विषय दिला होता, 'माझ्या आजीची वही'. पोस्टर छापून झालं होतं. एका शनिवारी दुपारी, मुलगी पोहण्याच्या क्लासला गेलेली असताना, मी त्या एक्केचाळीस पानांचे फोटो माझ्या प्रोग्राममध्ये घालून तपासले. कुणी सांगितलं नव्हतं. अक्षराचा कल किती, पेन कुठे उचललाय, टिंब किती दाबून दिलंय, हे सगळं मोजता येतं. फोटो भराभर चाळताना मला आधीपासून काहीतरी खटकत होतं. एका पानावर रेघ सरळ जायची, दुसऱ्यावर शेवटाला खाली लोंबायची. आकडे आले आणि माझी शंका खरी ठरली. वही एका हाताची नव्हती.

हे मी तिला फोन करून सांगू शकले असते. ती एक बस स्टॉप पलीकडे राहत होती. मी सोमवारच्या मीटिंगची वाट पाहिली.

सोमवारी सगळ्यांसमोर मी पानं पडद्यावर लावली. सुरुवातीच्या, एकाच हाताच्या पानांना निळा रंग, बाकीच्यांना लाल. निम्म्याहून जास्त पानं लाल होती.

"या वहीत किमान चार वेगवेगळे हात आहेत," मी म्हटलं. आवाज अगदी सरळ होता माझा. "तेव्हा ही एका व्यक्तीची वही आहे, असं जाहीरपणे म्हणणं बरोबर होणार नाही, असं मला वाटतं."

"गुड कॅच," लीड म्हणाला. "बरं झालं आधीच लक्षात आलं."

ती पडद्याकडे बघत होती. "चार," एवढंच म्हणाली. मग तिने शाल नीट केली आणि लॅपटॉप मिटला. संध्याकाळपर्यंत वाचनालयाला कळवलं गेलं की विषय बदलेल, पोस्टर काढून ठेवा.

त्या दिवशी घरी जाताना मेट्रोत मला फार हलकं वाटत होतं. हे लपवण्यात अर्थ नाही. बुओना व्हिस्टा ते क्वीन्सटाउन हे दोन स्टेशनांचं अंतर मी स्वतःशी हसत पार केलं. हलकेपणा दोन दिवस टिकला.

आठ-दहा दिवस ती जेवायला आमच्याबरोबर आली नाही. डबा आणायची, जागेवरच खायची. मग एका सकाळी ती थेट माझ्या टेबलाशी आली, खुर्ची ओढली आणि माझे दोन्ही हात धरले.

"मी मावशीला फोन केला," ती म्हणाली. "आईची थोरली बहीण. ऐंशीच्या पुढे आहे, ऐकू कमी येतं. तीन दिवस प्रयत्न केला. शेवटी तिच्या नातीने फोन कानाला धरून ओरडून ओरडून विचारलं. मावशी हसत सुटली. म्हणाली, तुला काय वाटलं, तुझी आजी एकटी बसून लिहायची? अगं, रोज दुपारी आमच्या अंगणात बायका यायच्या. आजी शिकवायची. पुढची पानं तिची, कित्त्यासाठी. मागची त्यांची."

"कुणाची?"

"शेंगदाण्याचं तेल काढून विकणारी एक शेजारीण. एक तरुण विधवा. आणि कातडं कमावणाऱ्या एका घरची सून. मी काल रात्रभर तुझी लाल पानं पुन्हा वाचली. मला वाटत होतं आजीने अधूनमधून घाईत लिहिलंय, म्हणून अक्षर बिघडलंय. तसं नाहीये. एकीने मुलाच्या खोकल्याचं औषध लिहिलंय. एकीने सवतीची तक्रार लिहिलीय, तीन पानं भरून. एवढी तिखट आहे ना!" ती हसली, डोळे भरलेले होते. "घरात कुणालाच हे माहीत नव्हतं. मलाही नाही. तू ती पानं वेगळी काढलीस म्हणून कळलं."

मी म्हणाले, 'छान झालं' असं काहीतरी. आतून मात्र अंगाची लाही लाही होत होती. तिची एक आजी हिरावून घ्यायला गेले आणि तिला अंगणभर बायका मिळाल्या. आणि वर ती माझे आभार मानत होती. व्याख्यान पुन्हा ठरलं, आधीपेक्षा मोठ्या दालनात.

डिसेंबरात माझे बाबा आले. पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेले, सत्तरीच्या पुढचे, मॉलमध्येही कानटोपी घालणारे. इंग्रजी समजायचं, बोलताना मात्र अडखळायचे. माझ्या मुलीने त्यांना आंटीबद्दल इतकं सांगितलं होतं की त्यांनीच म्हटलं, बोलाव तिला जेवायला. मला टाळता आलं नाही.

ती आली आणि तिने बाबांना भेट दिली. लाल कातड्याचा हातभर लांबीचा पाकीटवजा बटवा, कडेने हिरवी वीण. तिच्या आजोळच्या लोकांनी बनवलेला. बटवा त्यांच्या हातात जाताना मी पाहत राहिले. बाबांना कातड्याची वस्तू! त्यांना हे कसं वाटेल, आता ते काय करतील?

बाबांनी बटवा उलटा केला. आतून अंगठा फिरवला. मग नाकाशी नेला.

"बकरीचं," ते मराठीत म्हणाले. "बाभळीत कमावलंय."

मी भाषांतर केलं. बाभूळ काय ते तिला कळेना, म्हणून फोनवर झाडाचा फोटो दाखवला. पिवळी गोंड्यासारखी फुलं, मण्यांच्या माळेसारख्या शेंगा. ती ओरडलीच. त्यांच्याकडेही तीच शेंग, त्याच कामाला. लाल रंग कशाचा म्हणून बाबांनी विचारलं, तर ज्वारीच्या ताटावरच्या पानांचा. बाबा आश्चर्याने मान हलवत राहिले.

"तुम्हाला इतकं कसं कळतं?" तिने विचारलं. "तुमचे वडील काय काम करायचे?"

हा प्रश्न आमच्याकडे कोण कशासाठी विचारतं, ते मला माहीत आहे. तो आला की उत्तर द्यायच्या आधी माणूस समोरच्याचा चेहरा वाचतो. बाबांनी तिचा चेहरा पाहिला. तिथे नुसतं कुतूहल होतं.

"माझे वडील कातडं सोलायचे," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "सांग तिला."

आमच्या घरात ते वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं, आणि पहिल्यांदा ऐकलं ते दुसऱ्या भाषेत सांगण्यासाठी. मी सांगितलं.

"मेलेल्या ढोराचं," बाबा पुढे म्हणाले. "बैलाचं, म्हशीचं. गावचं काम, नाही म्हणायची सोय नाही. पण हात असा होता त्यांचा, की सबंध कातड्याला एक चीर पडायची नाही. तालुक्याचा व्यापारी यायचा, ढिगातून नुसता हात फिरवून यांचं कातडं बाजूला काढायचा. विचारायचा नाही कुणाचं म्हणून. सांग."

मी सांगितलं.

"मग वस्तीनं ठरवलं, हे सोडायचं. मी सात वर्षांचा असेन. पाटलाचा बैल मेला, बोलावणं आलं. वडील गेले नाहीत. कुणीच गेलं नाही. तीन दिवस बैल पडून होता, वास वस्तीपर्यंत यायचा. मग दुकानातलं मीठ बंद झालं, रॉकेल बंद झालं. वाटेनं जाऊ देईनात. आम्ही पहाटे उठून तालुक्याला चालत आलो. वडील जिनिंगमध्ये हमाल लागले."

"आणि सुरी?" तिने विचारलं. "त्यांची सुरी कुठे गेली?"

मला हे कधी सुचलं नसतं. बाबांनी बटवा दुसऱ्या हातात घेतला.

"आई सगळ्यांना सांगायची, नदीत टाकली म्हणून. टाकली नव्हती. ट्रंकेच्या तळाशी होती, फडक्यात. कधीतरी काढायचे, धार बघायचे, परत ठेवायचे. वापरली मात्र कधीच नाही. पुढे भावाचं घर पाडलं, त्यात गेली."

माझी मुलगी जमिनीवर बसून ऐकत होती. "आजोबा, so your father same like Auntie's grandpa lah," ती म्हणाली.

हे बाबांना समजलं. "नाही बाळा," ते तिला म्हणाले, इंग्रजीत, एकेक शब्द शोधत. "तिच्या आजोबांना ते काम हवं होतं. आमच्यावर टाकलं होतं. काम एक, तरी सारखं नाही."

माझी मैत्रीण मान खाली घालून ऐकत होती. मग म्हणाली, "माझ्या पणजोबांच्या घरी गुलाम होते. आमच्या शहरात खूप होते. ती भिंत, ते खड्डे, सगळ्याला त्यांचे हात लागलेत. आम्ही घरात हे बोलत नाही. इंग्रजांनी आमचं काय झाकलं ते मी सगळ्यांना सांगते. हे सांगायला अजून धजावले नाही."

मी ते बाबांना मराठीत सांगितलं. त्यांनी बटवा गुडघ्यावर ठेवला आणि म्हणाले, "मग त्यांचंही लिही, पोरी."

ताटं वाढायला मी आत गेले. अडतीस, नव्हे तोवर एकोणचाळीस वर्षं मी या माणसाची मुलगी होते. आणि त्यांनी हे दिलं तिला. माझ्यासमोर, माझ्या तोंडून वदवून, पण तिला. पोळीवर तूप घालताना मला रडू येत होतं, आणि ते आजोबांसाठी होतं की या रागासाठी, हे आजही सांगता येणार नाही.

चार वाजता मी तिला बस स्टॉपपर्यंत सोडायला निघाले. ब्लॉकच्या खालच्या मोकळ्या जागेत म्हातारे लोक बुद्धिबळासारखं काहीतरी खेळत बसले होते. त्यांच्या बाजूने जाताना मी बोलून टाकलं.

"ती पानं मी मुद्दाम मीटिंगमध्ये दाखवली. तुला आधी सांगता आलं असतं. तुझं व्याख्यान मोडावं असं मला वाटत होतं."

ती चालत राहिली. "मला माहीत होतं," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. तू माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीस. एरवी बोलताना तू सारखी माझ्याकडे बघतेस."

"मग काही बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? तू बरोबर होतीस. पानं चार हातांचीच होती." थोडं पुढे जाऊन ती थांबली. "राग आला होता. खूप. तुझ्याकडे येऊन हात धरले ना, तेव्हाही होता. वाटलं, हिचे आभार मानले की हिला जास्त लागेल."

मला हसू फुटलं. तिलाही. रस्ता ओलांडायचा सिग्नल दोनदा हिरवा होऊन गेला.

व्याख्यान फेब्रुवारीत झालं. बाबा तोवर परत गेले होते. दालन भरलं होतं. तिने आजीचं सांगितलं, चार हातांचं सांगितलं आणि शेवटी, सावकाश, पणजोबांच्या घरातल्या माणसांचंही सांगितलं. त्यांची नावं तिला मिळाली नव्हती, हेही सांगितलं. कार्यक्रम संपल्यावर एक मलय आजीबाई काठी टेकत तिच्याकडे आल्या. त्यांची आई जावीत बाजाराची यादी लिहायची आणि लोक तिला अडाणी म्हणायचे, असं सांगताना त्यांचा आवाज फुटत होता. मी प्रोजेक्टरची वायर गुंडाळत होते. गर्दी तिच्याभोवती होती, आणि ते जुनं दुखणं पुन्हा कुरतडायला लागलं. गेलं नव्हतंच ते.

दीड वर्षाने तिचा करार संपला आणि ती कानोला परतली. तिथल्या विद्यापीठात शिकवते. घरोघरच्या पेट्यांतून बायकांच्या वह्या जमवते, मला फोटो पाठवते, "किती हात?" एवढंच विचारते. मी मोजून कळवते.

बाबांना मी दर रविवारी फोन करायला लागले. पहिल्यांदा रेकॉर्ड करायला गेले तर म्हणाले, "ते बंद कर, मला बोलता येत नाही मग." म्हणून मी ऐकता ऐकता मुद्दे टिपते आणि नंतर लिहून काढते. पुढच्या रविवारी वाचून दाखवते. ते चुका काढतात. बैल पाटलाचा नव्हता, पाटलाच्या भावाचा होता, असं त्यांना तीन महिन्यांनी आठवलं. मग पानभर पुन्हा लिहिलं. मुलगी कधी ऐकत बसते, कधी हेडफोन लावून निघून जाते.

आणि दर वेळी फोन उचलल्यावर बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "त्या पोरीचं काय चाललंय?" मी कशी आहे, ते नंतर विचारतात. मी दात आवळून तिचं सगळं सांगते, मग पेन उघडते.